तिसरा खांब बोलला तेव्हा

सोमवार ते शुक्रवार मी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. शनिवारी आमच्या काउंटीच्या जुन्या, आता म्युझियम झालेल्या कोर्टहाउसमध्ये लोकांचे ओले कोट टांगते. दोन वर्षं टांगले. इमारतीची वीट न् वीट मला पाठ, पण टूर द्यायचं म्हटलं की अध्यक्ष मिस्टर हॉलिस गोड हसायचे. "देवयानी डियर, तुझा उत्साह छान आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे थेट क्लोकरूम.

सप्टेंबरच्या ओपन डेला, म्हणजे सगळ्यांना फुकट प्रवेश असतो त्या दिवशी, तीन गाइड एकदम आजारी पडले, तेव्हा कुठे माझी वर्णी लागली. एकच टूर. अट अशी की, हॉलिसनी लिहिलेल्या गाइडबुकाबाहेर एक शब्द बोलले, तर गाइडचा बिल्ला कायमचा विसरायचा.

सोबत सासरे होते. मुरलीधर देशकर, नागपूरच्या पीडब्ल्यूडीतून रिटायर. कोर्टरूममध्ये शिरताच त्यांनी पहिला खांब बोटाच्या पेरानं ठोकला. ढब ढब.

"काहून गं, हे तर पोकळ लाकूड! वरून रंग फासलाय."

"बाबा, हळू! पुस्तकात इटलीचा संगमरवर आहे."

"म्हणजे खोटं बोलशील?"

"बिल्ला मिळेपर्यंत."

"सगळे ठेकेदार मला हेच सांगत. बिल पास होईपर्यंत, साहेब."

मी बारा पाहुण्यांना ज्युरीच्या बाकांवर बसवलं. न्यायाधीशाची खुर्ची दाखवली, तिच्यावरचं कोरीव छत्र दाखवलं, मधोमध आरोपीचा पिंजरा दाखवला. न्यायाधीशाला एक जिना, ज्युरीला दुसरा आणि कैद्याला कोठडीतून थेट पिंजऱ्यात निघणारा तिसरा, म्हणजे साहेबांच्या अंगाला अंग लागायला नको. विटाळ फक्त आपल्याकडेच पाळतात असं कोण म्हणतं? मग खांब आले. "इटलीहून जहाजानं आणलेला संगमरवर," मी म्हटलं. बाबांनी तोंड फिरवलं. मला माझीच शिसारी आली.

टूरचा शेवट हॉलिसचा असायचा. गोणपाटाचे कपडे घालून, साखळ्या लटकावून ते खाली कोठडीत बसत. गाइडनं हाक मारली की जिन्यातून वर उगवत आणि "निर्दोष आहे, माय लॉर्ड!" असं ओरडून टाळ्या घेत.

"कैद्याला हजर करा!" मी ओरडले.

कोणी आलं नाही. पुन्हा ओरडले. तरी नाही.

आणि डावीकडचा तिसरा खांब खोकला.

"हॅलो? देवयानी? कोठडीचं दार लागलंय. आतून उघडत नाही!"

ज्युरी किंचाळली, मग खो खो हसत सुटली. बाबा उडालेच. "अगं, हवा काढायचा मार्ग आहे हा! कोठडीतली कोंदट हवा खांबातून वर. अन् तोंड कुठं निघतं पाहा, साहेबाच्या छत्रात!"

म्हणजे इतकी वर्षं चोरांचा श्वास न्यायाधीशाच्या विगवर! मी ते जसंच्या तसं ज्युरीला इंग्रजीत सांगून टाकलं. पुस्तकाबाहेरचे माझे पहिले शब्द. लाल टोपीतली एक बाई हसून हसून बाकाखाली घसरली.

मी खांबाला तोंड लावलं. "किल्ली कुठाय?"

"माझ्या कोटात! पळ!"

कोट माझ्याच क्लोकरूममध्ये होता, हुक नंबर एक.

"आणते. आधी सांगा, हा खांब कशाचा आहे?"

खांब पुन्हा खोकला. मग, "इटालियन मार्बल."

"मग तुम्ही मार्बलमधून बोलताय कसे?"

ज्युरीनं बाकं बडवली.

"देवयानी, प्लीज. मला टॉयलेटला जायचंय."

"खांब, मिस्टर हॉलिस?"

"लाकूड! लाकूड! रंगवलेलं! मला वीस वर्षांपासून माहितीय!"

मी धावत जाऊन कोट आणला, किल्ली काढली, दार उघडलं. साखळ्या खुळखुळवत ते पिंजऱ्यात उगवले. बारा चेहरे वाट बघत होते. हॉलिसनी तोंड उघडलं, तिसऱ्या खांबाकडे पाहिलं.

"गिल्टी, माय लॉर्ड," ते म्हणाले आणि साखळ्यांसकट टॉयलेटकडे पळाले. अशा टाळ्या त्यांना आयुष्यात मिळाल्या नसतील.

कोट माझ्याच हातात राहिला होता. कॉलरवर गाइडचा बिल्ला. मी तो काढला आणि माझ्या कुर्त्यावर लावला.

हॉलिस हात पुसत परत आले तेव्हा दारात पुढच्या टूरची रांग लागली होती. त्यांनी बिल्ला पाहिला. "देवयानी डियर, पण..."

मागून बाबांनी खांब ठोकला. ढब.

हॉलिसनी तोंड मिटलं. माझ्या हातातून आपला कोट घेतला, क्लोकरूममध्ये नेऊन स्वतः टांगला. मग रांगेतल्या पहिल्या माणसाचाही.