खोट्या लेबलाची बाटली

"या व्हिटॅमिनच्याच गोळ्या आहेत, तर मग घरात मला एकटीलाच का?"

मित्रांनो, त्या व्हिटॅमिनच्या नाहीतच अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून आमच्या घरच्या धाकट्या लेकीने जेवताना हा प्रश्न विचारला. बाबांनी लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला. आईने माझ्याकडे बोट दाखवले. "वाचता येतं ना? बाटलीवर लिहिलंय की."

तीच मी. एक जुनी, तपकिरी, प्लॅस्टिकची बाटली. कारखान्यात माझ्या पोटावर व्हिटॅमिनचे लेबल चिकटले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! जे वर लिहिलेले, तेच आत. आजोबा तर मला हातात घेतल्याशिवाय न्याहारीला बसत नसत. त्यांच्या गोळ्या संपल्यावर मी शिवणाच्या डब्यात पडून बटणे सांभाळली. तेही बरे होते. बटणे खुळखुळली की आत काय आहे ते आंधळ्यालाही कळे.

मग धाकटीच्या पायांवर जांभळे ठिपके उठले. रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे जखमेवर बांध घालणाऱ्या इवल्याशा पेशी, तिच्याच शरीराचे पहारेकरी शत्रू समजून मारत होते. त्यांना आवरायला डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले. आईला त्या शब्दाचीच धास्ती. पोर फोनवर काहीबाही वाचेल आणि हाय खाईल, म्हणून तिने बटणे ओतली, मला धुतले आणि त्या गोळ्या माझ्यात भरल्या. मला कुणी विचारलेसुद्धा नाही. इतकी वर्षे खरे बोलणाऱ्या माझ्या पोटाला त्यांनी खोटे बोलायला लावले.

गोळ्यांनी काम चोख केले. प्लेटलेट्स वाढल्या, ठिपके विरले. पण भूक खवळली, चेहरा गरगरीत झाला आणि वर्गात तिचे नाव पडले 'फुगा'. नुसती व्हिटॅमिनं तर आहेत, वर्गाच्या फोटोपर्यंत नाही घेतली तर काय बिघडतंय, असे म्हणून ती रोजची गोळी कुंडीतल्या मातीत खुपसू लागली. मी बघत होते. मला तोंड होते, पण त्यावर झाकण.

फोटोच्या सकाळी दात घासताना बेसिन लाल झाले. रक्त थांबेना, अंगात त्राण उरेना.

दवाखान्यात मी आईच्या पर्समध्ये होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्टेरॉइड असं एकदम बंद करायचं नसतं. हळूहळू उतरवतात. सांगितलं होतं ना मी?"

"कसलं स्टेरॉइड?" धाकटीने विचारले.

आई पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

ती बरी होऊन घरी आली, पण आईशी धड बोलेना. मित्रांनो, घसा सुकेपर्यंत मला एवढेच सांगायचे आहे: माझ्यात काहीही भरा, पण वर तेच लिहा.

आज तिने मला कोमट पाण्यात बुडवले, नखाने लेबल खरवडून काढले आणि मला आई-बाबांच्या पुढ्यात ठेवले.

"मला गोळीची भीती नाही वाटत. तुम्ही दोघं मिळून गप्प बसलात, त्याची वाटते. गोळ्या मी घेणार, एकही चुकवणार नाही. पण यापुढे डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मी बसणार. तुम्ही मागे उभे राहा."