आठवी थाप

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. खाणकामगारांच्या सभागृहात, घड्याळाखालच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. माझे कातडे एका बाजूने फाटले आहे. ते कसे फाटले, तेवढे सांगतो.

मला दगडखाणीतल्या एका कामगाराने घडवले. लाकडाची पट्टी भिजवून, वाकवून त्याने कडे केले आणि त्यावर बकरीचे कातडे ताणले. पाळी सुटली की तो फाटकाबाहेरच्या दगडावर बसून गाई. गाणी त्याची स्वतःची असत. कधी दुखऱ्या पाठीवर, तर कधी मुकादमाच्या शिट्टीवर. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो माझ्यावर सात थापा मारी आणि हात वर धरून थांबे. आठवी थाप ऐकणाऱ्यांनी द्यायची. टाळीने, जेवणाच्या डब्यावर, हाताला येईल त्याने.

"गाणं माझं एकट्याचं नाही. शेवट तुम्हीच करायचा," तो म्हणे.

थापा मारतो म्हणून सगळे त्याला 'थापाड्या' म्हणत. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्याच खाणीत होता. त्याची आठवी थाप कायम उशिरा पडे.

"भावोजी, उद्याच्या पाळीला दिलीत तरी चालेल हं!" थापाड्या म्हणे आणि सारे हसत.

एका सकाळी भुयाराचे छत कोसळले. तीन माणसे आत अडकली. भावोजी त्यांतलेच. दोन दिवस बाकीच्यांनी दगड उपसले. तिसऱ्या दुपारी छताला नवी भेग दिसली आणि मुकादमाने काम थांबवले. तो वाईट माणूस नव्हता.

"आतून हूं नाही की चूं नाही," तो म्हणाला. "मेलेल्यांसाठी जिवंत माणसं घालवू का?"

भुयारात पाण्याचा लोखंडी नळ गेला होता. थापाड्याने त्यावर हातोडीने सात ठोके दिले आणि नळाला कान लावला. मग तो ताडकन उठला.

"आहेत! आठवा आला!"

"थापा मारू नकोस," मुकादम म्हणाला.

मित्रांनो, इतकी वर्षे हसण्यावारी नेलेले ते नाव त्या घटकेला तीन जिवांवर उठले होते.

तेव्हा बहीण घरी धावली आणि मला घेऊन आली. तिने मला नळावर आडवे ठेवले, कातड्यावर मूठभर दगडाची भुकटी पसरली.

"कानांवर विश्वास नाही ना तुमचा? मग डोळ्यांनी बघा. आणि सगळे गप्प राहा."

सात ठोके पडले. भुकटी सात वेळा उडाली आणि बसली. मग काहीच नाही. मुकादमाने तोंड फिरवले. कोणीतरी खाकरले.

आणि भुकटी उडाली. एकदाच. ती थाप मला खालून जाणवली, अगदी दुबळी.

"उशिरा आली," बहीण म्हणाली. "माझाच माणूस आहे."

मुकादमाने लाकडी टेकू मागवले, भेगेखाली लावून घेतले आणि पहिली पहार स्वतः उचलली. उपसायला पाट्या कमी पडल्या, तेव्हा थापाड्याने मला उलटे केले आणि माझ्यात खडी भरून वाहिली. मी फाटलो तो तिथे.

संध्याकाळी दोघे जिवंत बाहेर आले. तिसरा, सुरुंग लावणारा, पहिल्याच दिवशी गेला होता.

आठवड्याने थापाड्या त्या सुरुंगवाल्याच्या दारात बसून गायला. माझा आवाज फाटका होता. सात थापा झाल्या, हात वर गेला. कोणाचाच हात हलेना, भावोजींचाही नाही. शेवटी त्या गेलेल्याच्या आईने उंबऱ्यावर तळहात आपटला. त्यानंतर ते दार रिकामे राहिले नाही. रोज पाळी सुटली की कोणी ना कोणी तिच्याजवळ जाऊन बसे.

आता थापाड्या नाही. त्याची गाणी अर्धीमुर्धीच लोकांना येतात. मुले येतात, बोटांनी माझ्यावर सात वेळा टकटक करतात आणि पळतात.

मित्रांनो, जमले तर मला नवे कातडे चढवा. नाही जमले तरी राग नाही. पण कुठे कोणी सात थापा मारून हात वर धरून थांबले असेल, तर तिथून निघून जाऊ नका. आठवी तुमची आहे. उशिरा दिलीत तरी चालेल.