पंधरा-चाळीसचा डबा

माझी धाकटी जाऊ पेरिझात सहा वर्षांनी मॉस्कोहून परत आली ती टर्बोवाली जपानी गाडी घेऊन. गाडी जुनीच, बिश्केकच्या बाजारातून घेतलेली, अकरा वर्षं दुसऱ्याने वापरलेली. पण लाल. इतकी लाल की ती गल्लीत वळली तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. मी बोरसोक तळायला घेतलेले, कणकेच्या हातांनीच दारात आले. त्या क्षणी पोटात जे दुखायला लागलं, त्याला माझ्याकडे औषध नव्हतं.

मी उमसुनाय. नारीनच्या बाजारात निळा कंटेनर आहे, त्यात अठरा वर्षं मी इंजिन ऑइल विकते. सुरुवातीला पुरुष हसायचे, बाईला ऑइलमधलं काय कळतं म्हणून. आता अट-बाशीहूनही लोक येतात, बॉनेट उघडतात आणि डॉक्टरपुढे उभं राहावं तसे गप्प उभे राहतात. गाडी किती चालली, घाटात जाते का, रात्री उघड्यावर असते का, धूर कसला येतो, एवढंच मी विचारते आणि फळीवरून डबा काढून देते. माझा डबा कधी चुकला नाही. गावात म्हणतात, बायकोचं ऐकू नकोस पण ऑइलचं उमसुनायला विचार.

आता सासूचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. आमच्यात म्हातारपणी आईने धाकट्याच्या घरी राहायचं असतं. पण धाकटा नि पेरिझात मॉस्कोत, म्हणून सासूबाई, आमच्या आपा, माझ्याकडे होत्या. सहा वर्षं त्यांचा दूध घातलेला चहा मी केला. मोतीबिंदूने डोळे गेल्यावर हात धरून अंगणात मी नेलं. नवरा मागे ठेवून पेरिझात एकटीच परत आली, तिसऱ्या दिवशी आपांनी गादी गुंडाळली आणि शेजारच्या अंगणात राहायला गेल्या. रीतच आहे, कुणाला बोल लावायचा? तरी मला वाटलं, बसला की नाही आयत्या बिळावर नागोबा!

नवी सून असो, नवं शिंगरू असो की नवी मोटार, पहिल्यांदा पाहताना रिकाम्या हाताने पाहायचं नसतं. काहीतरी द्यायचं, त्याला कोरुमदुक म्हणतात. गाडी आली त्याच दुपारी सगळी गल्ली जमली. कुणी रुमाल दिला, कुणी शंभर सोमची नोट काचेवर ठेवली. पेरिझातने आपांना पुढच्या सीटवर बसवून नदीपर्यंत चक्कर मारली. परत आल्यावर तिने किल्ली काढून हातात घेतली, तरी इंजिन चालूच. पोरं ओरडायला लागली, गाडीत भूत आहे म्हणून. पेरिझात हसली. म्हणाली, टर्बो तापलेला असतो, त्यातून ऑइल थोडा वेळ फिरत राहायला हवं, म्हणून दोन मिनिटांनी आपोआप बंद होईल असं यंत्र बसवलंय.

आपांनी बॉनेटवर हात ठेवला. जन्मभर घोड्यांत काढलेली बाई ती. म्हणाल्या, "दौडून आलेल्या घोड्याला लगेच बांधत नाहीत. आधी निववतात. हिला कळतं."

हिला कळतं! अहो, हिला कुणी शिकवलं? लग्नानंतरचा पहिला हिवाळा ही माझ्याच कंटेनरमध्ये शेगडीला पाय लावून बसायची. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तो किती वेगाने फिरतो, त्याला ऑइल का लागतं, सगळं मी सांगितलं. पण कौतुक कुणाचं, तर हिचं.

आणि मग आपांनी अंगरख्याआडून सासऱ्यांची कामची काढली. चांदीची मूठ असलेला तो चाबूक सासरे गेल्यापासून पेटीत होता. माझ्या मुलाच्या लग्नात तो त्याला मिळेल असं मी धरून चालले होते. दोनदा तसं बोलूनही दाखवलं होतं. आपांनी चाचपडत तो पेरिझातच्या हातात दिला नि म्हणाल्या, हे माझं कोरुमदुक. पेरिझातने तो आरशाला टांगला. मी घरी गेले. बोरसोक करपले होते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. मला ती एजे म्हणते, म्हणजे ताई. "एजे, तुमचं कोरुमदुक राहिलंय," असं लाडाने म्हणाली आणि पाठोपाठ विचारलं, "ऑइल कोणतं घालू? तुम्ही सांगाल ते."

बरोबर डबा वरच्या फळीवर होता. पाच-तीस, पूर्ण सिंथेटिक, कडाक्याच्या थंडीतही पातळ राहणारं, टर्बोसाठीचंच. आमच्याकडे पारा उणे पंचविसाच्याही खाली जातो. तिथे टर्बोला किल्ली फिरवल्याबरोबर ऑइल पोचलं पाहिजे, नाहीतर तो कोरडाच फिरतो आणि त्याचं बेअरिंग खलास होतं. हे मला झोपेतही सांगता येईल. माझा हात मात्र खाली गेला. खाली ट्रकवाल्यांचं ऑइल होतं, पंधरा-चाळीस, खनिज, थंडीत गुळाच्या पाकासारखं घट्ट होणारं. तो डबा मी तिच्यापुढे ठेवला.

"जुन्या इंजिनाला जाड ऑइल लागतं," मी म्हटलं. "झिजलेलं असतं ना आतून." असं म्हणणारे अर्ध्या बाजारात भेटतात, त्यामुळे मला ते सहज म्हणता आलं. "माझं कोरुमदुक समज."

तिने एकदा लेबलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दोन्ही हातांनी डबा घेतला, माझ्या गालाचा मुका घेतला नि गेली. ती गेल्यावर मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत चांगलंच बरं वाटत होतं. एखादं बेअरिंग जाईल, गाडी महिनाभर अंगणात पडेल, आणि आपा म्हणतील, उमसुनायचं घरच बरं होतं. एवढंच माझं गणित.

डिसेंबरात थंडी पडली. रोज सकाळी ती गाडी सुरू करायची आणि मी भिंतीपलीकडून कान देऊन ऐकायची. शिट्टी येते का, खरखर येते का? काही येत नव्हतं. मला तेही सलत होतं. वाटायचं, एकेकाचं नशीबच असं, दगड खाल्ला तरी पचतो.

मग नवऱ्याने, सागिनने, जेवताना सांगितलं की गुरुवारी पेरिझात आपांना बिश्केकला नेतेय, डोळ्यांच्या ऑपरेशनला. दोलोनच्या घाटातून. मी म्हटलं, सहा वर्षं माझ्याबरोबर चला म्हणत होते तेव्हा आपांचं एकच, आता या वयात कशाला. आणि हिच्याबरोबर लगेच? सागिन म्हणाला, तिच्या गाडीत गादी टाकून झोपता येतं. आणि चहा प्यायला लागला.

गुरुवारी सकाळी पारा उणे एकतीस होता. चुलीत गोवऱ्या टाकताना माझ्या डोळ्यांपुढे घाटच येत होता. अर्ध्या चढावर टर्बो जाणार, गाडी दम सोडणार, आत एक आंधळी म्हातारी, बाहेर वारा आणि ट्रकशिवाय चिटपाखरू नाही. माणसं तिथे गाडीत गोठून मेलेली मला ठाऊक आहेत. मी मत्सरी आहे, पण एवढी नाही. आणि नाव माझं जाणार होतं ते वेगळंच. डबा उमसुनायचा होता.

मी शालही न घेता धावले. आपा पुढच्या सीटवर बसलेल्या, गुडघ्यांवर घोंगडी. पेरिझातचा हात किल्लीवर.

"थांब," मी म्हटलं. "फिरवू नकोस. ऑइल चुकीचं आहे. मी तुला मुद्दाम चुकीचं दिलं."

मला धावत येताना पाहून पेरिझातने काच खाली केली होती. आपांनी ऐकलं.

पेरिझात खाली उतरली. ती चिडेल, रडेल, माझ्या झिंज्या धरेल, कशालाही मी तयार होते. ती माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "एजे, हळू बोलायचं होतंत."

तिने बॉनेट उघडलं. ऑइल बदललं की तारीख आणि प्रकार लिहून जे चिठोरं अडकवतात, ते तिथे लोंबत होतं. त्यावर लिहिलं होतं पाच-तीस. तारीख माझ्याकडून डबा नेला त्याच दिवसाची.

"तुमचा डबा घरात आहे. उघडलेला नाही," ती म्हणाली. "कोरुमदुक कुणी परत करतं का? तोक्तोसुनच्या दुकानातून दुसरं घेतलं. एजेकडचं संपलंय, असं सांगितलं त्याला."

"तुला कळलं होतं?"

"तुम्हीच शिकवलेलं ना सगळं. न कळून कसं चालेल?"

तिने मला गावापुढे झाकलं होतं, आणि मी जाऊन स्वतःच स्वतःला उघडं पाडलं. मी आपांकडे पाहिलं. त्यांचा पांढरा डोळा कुठेतरी माझ्या खांद्यावरून पलीकडे लागलेला. काहीतरी बोलाव्यात, शिवी द्यावी, असं मला फार वाटलं. त्या म्हणाल्या, "चल पेरिझात, डॉक्टर आपल्यासाठी थांबायचा नाही." बस्स. इंजिन पहिल्या फिरकीत सुरू झालं, ना शिट्टी ना खरखर. मी थंडीने बधीर होईपर्यंत तिथेच उभी राहिले. आधी मी तिच्या गाडीवर जळत होते. आता ती चांगली निघाली म्हणून जळत होते, आणि हे जळणं कितीतरी वाईट.

बारा दिवसांनी लाल गाडी माझ्या कंटेनरसमोर थांबली. आपा कुणाचाही हात न धरता उतरल्या, काळा चष्मा लावलेल्या. आत येऊन चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. डोळे पाणावलेले, पण बघणारे.

"म्हातारी झालीस ग," त्या म्हणाल्या.

मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"आणि गाडी लाल आहे. कुणी मला सांगितलंच नाही. मी समजत होते काळी असेल." त्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे मागचं कोरुमदुक न बघताच दिलेलं. आता डोळ्यांनी पाहिली, तर पुन्हा द्यायला हवं."

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल, तर कामची. न बघता दिलेली म्हणून आता ती परत घेतील आणि मला देतील.

"ऑइलचा डबा दे," आपा म्हणाल्या. "त्या गाडीला लागेल तो. तूच निवड."

पेरिझात दारात उभी होती. ती लगेच बाहेर गेली आणि उगाच टायर तपासायला लागली. मी वरच्या फळीकडे हात केला. आपा माझा हात बघत होत्या, चेहरा नाही. डबा मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवून वाचलं, पाच, तीस.

"हाच ना?"

"हाच, आपा."

पेरिझातला हाक मारून त्यांनी विचारून घेतलं असतं तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. पैसे माझ्या हातात कोंबले, फुकटात आणलेलं कोरुमदुक चालत नाही म्हणाल्या, आणि डबा पोटाशी धरून उठल्या. बाहेर पेरिझातला देताना त्यांचे शब्द मी ऐकले. "उमसुनायने काढून दिलाय. पुढच्या वेळी हाच घाल."

पेरिझातने तो दोन्ही हातांनी घेतला. मग मला म्हणाली, दुकान बंद करा, घरी सोडते. मी मागे बसले. समोर आरशाला कामची झुलत होती, चांदीच्या मुठीवर ऊन पडत होतं, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. अंगणात आल्यावर तिने किल्ली काढली. इंजिन चालूच होतं. आपा उतरल्या नाहीत, पेरिझात उतरली नाही, म्हणून मीही बसून राहिले. ते बंद व्हायला दोन मिनिटं लागली.