बारा इंचांच्या पुढे

मी एक जुनी सायकलची चेन आहे. रीत म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणते. तुमच्यातल्या बहुतेकांनी माझ्यासारखीला कधी साधं फडकंही लावलं नसेल.

नवी होते तेव्हा मी चकचकीत होते. घरातली ताई परिचारिका. रोज माझ्या जोरावर ती मोठा चढ चढून दवाखान्यात जायची. गिअर पटापट पडायचे आणि माझं पाहुण्यांसमोरसुद्धा कौतुक व्हायचं.

देखभाल मात्र तिच्या दादाकडे होती. आपल्याला सगळं येतं, अशी त्याची स्वतःची समजूत. मी धुळीने माखले की तो पुसायचा नाही, वरून तेल ओतायचा. तेलाधुळीच्या त्या काळ्या चिखलाने माझ्या पिना आतून झिजवल्या. मी लांबत गेले आणि मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे दात खात सुटले. गिअर उशिरा पडू लागले, तर हा शहाणा नुसता स्क्रू पिळत बसायचा.

शेवटी ताईनेच सायकल मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी गिअरची गंजलेली केबल बदलली. मग माझ्यावर पट्टी धरली. ज्या कड्या बारा इंचांत मावायला हव्यात, त्या चांगल्या तीन रेघा पुढे गेल्या होत्या.

"चेन आणि मागची चक्रं, दोन्ही बदला," तो म्हणाला. "नुसती चेन बदललीत तर चढावर सटकेल."

दादाने ऐकलं आणि मिस्त्रीला लबाड ठरवलं. नुसती नवी चेन आणून स्वतःच बसवली, मला खिळ्याला टांगलं. दुसऱ्याच सकाळी चढावर ताईने पेडलवर जोर दिला, नवी चेन झिजलेल्या दातांवरून सटकली आणि ताईचं मनगट मोडलं.

दादाच्या मते नवी चेनच खोटी निघाली. त्याने मला परत चढवलं. त्या दातांची आणि माझी झीज सारखीच, त्यामुळे मी सटकले नाही. त्याचा चेहरा काय फुलला.

प्लास्टरमधला हात सांभाळत ताई म्हणाली, "मग डॉक्टरांकडे मला तूच ने. याच सायकलवर, त्याच चढावरून."

त्याच दुपारी मिस्त्रीकडे जाऊन दादाने नवी चेन आणि नवी चक्रं बसवून घेतली. मी भंगारात गेले.

मित्रांनो, चेन पुसत जा, मोजत जा, आणि दुसऱ्याच्या जिवावर शहाणपण करू नका. भंगाराचं मला काही वाटत नाही. चीड येते ती याची, की ताईच्या हाडांसाठी त्याला जे जमलं नाही, ते स्वतःच्या हाडांवर आल्यावर एका दुपारत जमलं.