पालथी बशी

मी एक जुनी चिनीमातीची बशी आहे, मित्रांनो. माझा कप फुटला तेव्हा मलाही टाकून द्यायचे ठरले होते, पण घरातल्या धाकटीने मला तिच्या सशासाठी मागून घेतले. सशाचे नाव कापूस.

कापसाचे खरे जेवण म्हणजे सुके गवत. ते पिंजऱ्यात कायम भरलेले असे. माझ्या वाट्याला त्याचा खाऊ यायचा. सफरचंदाची नखाएवढी फोड, बिया काढलेली, तीही आठवड्यातून एक-दोनदाच. जास्त गोड सशाच्या पोटाला झेपत नाही. पण घरात सगळेच लाड करणारे, म्हणून आईने पद्धत घातली होती. खाऊच्या दिवशी ती मला सुलटी ठेवी. जो खाऊ देईल त्याने मला पालथी घालायचे. मी पालथी असले की कुणी काही द्यायचे नाही. माझ्या शब्दाला घरात तेवढा मान होता.

मग आत्या राहायला आली. तिला रिकामे बसवत नसे आणि पालथे भांडे पाहवत नसे. आमची पद्धत तिला कुणी सांगितलीच नव्हती. आजोबांनी फोड देऊन मला पालथी घातली, आत्याने धुऊन सुलटी ठेवली. बाबांनी केळ्याची फोड दिली, तिने पुन्हा धुतली. शाळेतून आल्यावर धाकटीने द्राक्षे दिली. कापूस दर वेळी खाऊवर तुटून पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने गवताला तोंड लावले नाही. पिंजऱ्यात लेंड्याही दिसेनात. बाबा म्हणाले, रुसला असेल, संध्याकाळपर्यंत बघू.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "ससा खायचा थांबला की वाट बघायची नसते. लगेच आणायचं."

त्यांनी खूप खटपट केली. कापूस घरी आला नाही.

"मी तर एकच फोड दिली होती," आजोबा म्हणाले. बाबांचेही तेच म्हणणे होते.

आत्याने एवढेच विचारले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

मला वाईट वाटायला हवे होते, पण काहीच वाटले नाही. अजूनही वाटत नाही. नुसती गार पडून असते.

मित्रांनो, सशाला फळ जरूर द्या, पण बेताने, आणि देण्याआधी घरात विचारा. घरी नवे माणूस आले तर त्यालाही सांगा.

त्या संध्याकाळी धाकटीने मला धुतले, पुसले आणि रिकाम्या पिंजऱ्यात पालथी घातली. आत्या अजूनही येते, सगळ्या घरातली भांडी घासते. मला मात्र ती हात लावत नाही.