पाहुण्यांपुरतं काम

मोज्यांची टोकं शिवण्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं. पण कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं. नवराही तिथलाच, तोही घरी बसून. थोरल्या दिरांची मुकादमी तेवढी टिकली होती, रिकाम्या इमारतीवर लक्ष ठेवायला.

एका संध्याकाळी ते घरी आले.

"उद्या कामावर ये. एकच दिवस. परदेशी पाहुणे यायचेत."

"कशाला, भावजी?"

"देशादेशांची तुलना करतात ते. कुठली भरभराट टिकणारी, कुठे किती हातांना काम, सगळं बघून क्रम लावतात. आपला नंबर वर लागला पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं."

सकाळी ती गेली, तर भिंतींचा चुना अजून ओला होता. सूत दुसऱ्या कारखान्यातून उसनं आणलेलं. यंत्रं सुरू झाली आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण बरं वाटत होतं. बोटं काही विसरली नव्हती.

दुपारी पाहुण्या बाई तिच्यापाशी थांबल्या. दुभाष्याने विचारलं, "काम नेहमी असतं का?"

दीर मागेच उभे होते.

"असतं की," ती म्हणाली. आणि कुणी न विचारता पुढे बोलून गेली, "माझ्या मुलीलाही इथेच घेणार आहेत." बाई हसल्या, तीही हसली. कॅमेरेवाला समोरच होता.

पाहुणे गेले, तशी यंत्रं थांबली. सूत परत करायचं होतं, म्हणून दिवसभर विणलेले मोजे बायकांनी उसवले. आपण शिवलेली टोकं तिने आपल्याच कात्रीने कापली.

काही महिन्यांनी टीव्हीवर बातमी आली. सगळ्यांना काम देण्यात आपण शेजारच्या देशाला मागे टाकलं होतं. बातमीत तिचा हसरा चेहरा होता, आणि मुलीबद्दलचं ते वाक्यही.

"बघ, अख्खा देश तुझ्या जिवावर पुढे गेला," नवरा म्हणाला. तिने टीव्ही बंद केला.

मुलगी वीजकाम शिकत होती ते केंद्र परदेशी मदतीवर चालायचं. मदत मागे पडलेल्या देशांसाठी होती. आपण आता त्यांत बसत नव्हतो. केंद्राला कुलूप लागलं, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं.

"कुठे घेणार होते मला, आई?"

"भावजी मागे उभे होते गं."

"मग 'असतं' म्हणून गप्प बसायचं. मला कशाला मध्ये ओढलंस?"



मुलगी शेवटी शेजारच्याच देशात निघाली. तिथे नवीन इमारतींत तारा ओढायला माणसं हवी होती, अर्धवट शिकलेलीसुद्धा चालत होती. बसपर्यंत दीरही आले.

"तिकडे काय ठेवलंय? आपल्या खालचा देश तो," ते म्हणाले.

"काम ठेवलंय, काका." मुलीने पिशवी उचलली.

"पोचलीस की फोन कर," आई म्हणाली.

"करेन बाबांना," मुलगी म्हणाली, आणि तिच्याकडे न बघता बसमध्ये चढली.