निम्मी निम्मी गोळी

पाण्यात खांब रोवून बांधलेल्या मोटू लोकांच्या त्या गावात एक रीत भारी कडक होती. कुणी मागितलं की द्यायचं, आणि कशाला हवं म्हणून विचारायचं नाही. मासा असो, सुपारी असो, नवाकोरा सदरा असो, झोळीत आहे ना, मग संपलं. गेउआ याच रितीत वाढलेली. म्हणून कोनिओ आत्याने गोळी मागितली तेव्हा तिने मुकाट्याने डबी उघडली.

गोळी एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची होती. गेउआचा नवरा सेरी डोंगरात गॅस काढणाऱ्या कंपनीच्या छावणीवर कामाला असे. तिथे त्याची आणखी एक बाई आहे हे गावाला ठाऊक होतं, आणि गेउआला ते ठाऊक नाही असं गावाला वाटत होतं. तिने गुपचूप दवाखाना गाठला होता. नवऱ्याशी तंडत बसण्यापेक्षा गोळी गिळणं सोपं.

आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलेलं. शेजारच्याच घरात राहायची. तिने एकदा गेउआला गोळी घेताना पाहिलं, कसली ते नीट ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. मग हे रोजचंच झालं. गोळी मुठीत धरून आत्या घरात जाई आणि इकडे गेउआचं डोकं चालू होई. साठीची बाई, नवरा चर्चमधला मान्यवर माणूस, हिला या गोळीचं काय काम? गुडघ्यांवर म्हणून घेते? कोंबड्यांना तर घालत नाही? एकदा तिने भिंतीच्या फटीतून डोकावूनही पाहिलं. आत्या शांतपणे पाणी पीत होती.

डबी पुरेना, तेव्हा गेउआने एक दिवस आत्याला, एक दिवस स्वतःला असं वाटून टाकलं. निम्मं निम्मं तरी दोघींना लागू पडेल, असा तिचा हिशेब. तांदूळ तसाच पुरवतात की. शेवटी डबी वेळेआधीच रिकामी झाली, आणि नेमका त्याच आठवड्यात सेरी न कळवता सुटीवर आला. दोन रात्री राहून गेला.

तो गेला त्याच दिवशी गेउआ दवाखान्यात पोचली. लोआ सिस्टरने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"औषध म्हणजे माशाचं कालवण वाटलं का तुला, पाणी वाढवलं की पुरलं?"

मग आवाज खाली आणून तिने समजावलं. संबंध आल्यावर तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर वाचवणारं औषध आहे, ते महिनाभर एकही दिवस न चुकता घ्यायचं, नंतर पुन्हा रक्त तपासायचं. आणि जी कोण दुसरी घेतेय तिलाही आण, कारण तपासल्याशिवाय गोळी घेणं बरं नाही.

संध्याकाळी आत्याने सवयीने हात पुढे केला. गेउआने नवी डबी छातीशी धरली.

"नाही देणार."

हा शब्द त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. आत्याचा हात तसाच राहिला.

"आधी सांग, तुला कशाला हव्यात?"

आत्याने हात खाली घेतला.

"माझा नवरा दर शुक्रवारी गाण्याच्या तालमीला म्हणून शहरात जातो," ती म्हणाली. "तालीम रविवारी असते, पोरी. इथे, आपल्याच चर्चमध्ये."

गेउआला आता उमगलं. इतके दिवस आपण दोघी एकाच भीतीने एकच डबी कुरतडत होतो, आणि संरक्षण दोघींनाही मिळालं नाही.

"मला बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या गाडीने दवाखान्यात गेल्या. आत्याचं रक्त साफ निघालं. सिस्टरने तिला तिची वेगळी डबी दिली. आत्याने ती हातात घेतली, पण उठली नाही.

"एवढी वर्षं त्याच्या पानात मासा वाढला," ती म्हणाली, "आणि आज मला त्याचीच भीती वाटते."

गेउआने तिचा हात धरला. तिची स्वतःची शेवटची तपासणी महिन्याचं औषध संपल्यावर व्हायची होती.

"आत्या, माझ्या तपासणीला येशील?"

"तुझ्या आधी येऊन बसेन," आत्या म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.